पाच कुलूपबंद घरं

मी एक जुना निरोप्या डबा आहे. जुना म्हटलेलं मला चालतं, पण पहिला म्हणायचं कुणी विसरलं तर मात्र राग येतो. आज आमच्या जाळ्यात एकोणीस डबे आहेत, आणि त्या एकोणिसांत सर्वांत आधी बोलायला लागलो तो मी. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर माझा मोठेपणा ऐकून घ्यायला तुम्ही थांबणार नाही.

पालमहून एसटीने पाऊण तास गेलं की बरडवाडी लागते. गावाच्या उंच टोकाला पारूबाईची पिठाची गिरणी आहे. गिरणीतल्या वरच्या फळीवर माझा मुक्काम. अंगावर कायम पिठाचा थर असतो. पत्र्यातून बाहेर काढलेली एक अँटेना, पुढे एक दिवा, एक बटण, एक बोटभर पडदा आणि आवाज यायला छोटी जाळी, एवढाच माझा संसार. माझं अंग म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. झाकणावर अजून अर्धं गुलाबाचं चित्र दिसतं.

मला विजयमालाने बनवलं. ती याच गावची. परभणीला स्टेशनजवळच्या एका दुकानात ती टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करायची, आणि रविवारी गावी यायची. आमच्या भागात टेकड्या फार. वाड्या-वस्त्या खोलगटात बसलेल्या, तिथे मोबाइलला रेंज येत नाही. कुणाला बोलायचं असलं की तो मोबाइल हातात धरून माळावर चढतो. एका फाल्गुनात करंजवाडीला गारा पडल्या आणि अर्ध्या तासाने त्याच गारा आमच्या गावावर आल्या. करंजवाडीच्या लोकांना आधी कळलेलं होतं, पण सांगणार कसं? तेव्हा विजयमालाने मनावर घेतलं. मोडीत निघालेल्या एका संगणकाचे भाग आणि एक रेडिओ या डब्यात बसवला, आणि मी झालो.

पहिला महिना मी एकटाच होतो. रोज सकाळी हाक मारायचो आणि कुणीच ओ द्यायचं नाही. मग तिने दुसरा डबा करंजवाडीला गोपीचंदच्या गोठ्यावर बसवला. गोपीचंदने बटण दाबलं आणि त्याचा आवाज आमच्या गिरणीत उमटला, "ऐकू यायलंय का?"

पारूबाई दळण तसंच सोडून धावत आली. "अगं बाई! गोपीचंद तर इथंच बसल्यावानी बोलायलाय!"

त्या दिवशी सारं गाव गिरणीत जमलं. कुणीतरी मला कुंकू लावलं. गोपीचंदचे ते तीन शब्द मी जपून ठेवले. आमच्या जाळ्यातला तो पहिला निरोप होता, आणि तो माझ्याच पोटात होता.

पुढे डबे वाढत गेले, आणि प्रत्येक नवा डबा आधी माझ्या दारात आला. त्याचं असं असतं, मित्रांनो. नव्या डब्याला जगात एकच पत्ता माहीत असतो, तो माझा. विजयमाला त्याच्या डोक्यात तेवढाच लिहून ठेवते. तो पहिल्यांदा जागा झाला की हाक मारतो, "राम राम. मी नवा आहे. इथं कोण कोण आहे?" मग मी त्याला पाच नावं सांगायची, आणि तो आल्याची खबर बाकीच्यांना द्यायची. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्याशी आमच्यापैकी कुणी बोलत नाही, कारण हवेत भलतेसलते आवाज पुष्कळ असतात.

"समद्यांची नावं एकदम कामून देत न्हाईस त्याला?" असं पारूबाईने एकदा विचारलं होतं.

विजयमाला हसली. "काकू, नवी नवरी आली की आपल्यात काय करतात? मोठी जाऊ तिला पाच घरं हिंडवून आणती. पाच घरी कुंकू लागतं. मग त्या पाच बाया तिला पुढची घरं दावतात. आठ दिवसांत नवरी गावची होऊन जाती. तसंच हे."

"आन् मधीच मोठी जाऊ आजारी पडली तर?"

"पडू द्या की. नवरीला पाच घरं ठाऊक झालेली असतात. तिचं काही अडत न्हाई."

आमच्या जाळ्याची सारी करामत एवढीच आहे. आमच्यात कुणी मालक नाही. प्रत्येकाला थोडे शेजारी ठाऊक असतात आणि निरोप हातोहात पुढे जातो. एक डबा बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. लसीकरणाच्या तारखा, टँकरची पाळी, जुने आवाज हे सगळं जपायचं कामही आम्ही वाटून घेतो. नवा डबा आला की शेजारी आपल्यातला थोडा वाटा काढून त्याला देतात.

"एकाच घरात समदं ठेवलं अन् त्या घराला आग लागली तर?" असं विजयमाला म्हणायची. म्हणून प्रत्येक गोष्ट तीन घरी असते.

हे सगळं शहाणपणाचं आहे. मला मात्र ते कधी आवडलं नाही. मी एकटा होतो तेव्हा सगळं माझं होतं. दोघे झालो तेव्हा अर्धं गेलं. चौदा झालो तेव्हा माझ्याकडे मूठभर उरलं. पारूबाई म्हणायची, "बरं झालं, म्हाताऱ्याचं वझं हलकं झालं." मला वाटायचं, माझ्या ताटातलं उचलून नेलं आणि वर म्हणतात, पोट हलकं झालं.

मी जळू लागलो. खरंच सांगतो. गोपीचंदच्या डब्याला सौर पॅनेल मिळालं तेव्हा जळलो. पुढच्या डब्यांना पावसात न भिजणारं पांढरं प्लास्टिकचं अंग मिळालं तेव्हा जळलो. मला मात्र बिस्किटांचा डबा, गिरणीची वीज आणि वीज गेली तर एक म्हातारी बॅटरी. एका उन्हाळ्यात विजयमालाने मला उघडून पाहिलं आणि म्हणाली, "बॅटरी थकली रे तुझी. पुढचं पॅनेल आणीन ते तुलाच." ते पॅनेल येणार म्हणून मी दिवाळीपर्यंत वाट पाहिली.

दिवाळी झाली आणि एके दिवशी येडबा गिरणीत आला. येडबा आणि त्याची बायको कासाबाई टेकडीमागच्या मेंढवस्तीवर राहतात. तेव्हा ऐंशीच्या वर मेंढरं होती त्यांची, आणि दोघांचं पोट त्यांच्यावरच आहे. विजयमाला त्या दिवशी गावातच होती. येडबा उंबऱ्याच्या आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "ताई, आमच्या वस्तीवरबी एक डबा बसवा. मागल्या साली गारांनं एकोणीस मेंढरं मेली. करंजवाडीला अर्धा घंटा आधी पडतात त्या. अर्ध्या घंट्यात मी समदी मेंढरं छपराच्या वाड्यात घालतो. मला फकस्त तेवढा अर्धा घंटा पायजे."

"बसवू की, मामा," विजयमाला म्हणाली. "फागुन लागायच्या आधी तुमचा डबा बोलायला लागंल."

पंधरा दिवसांत तिने नवा डबा तयार केला. पांढरं अंग, दोन अँटेना. वर पॅनेलही. कुणाचं पॅनेल ते मी सांगायला नको. माझ्यासमोर पुसून तिने ते पिशवीत घातलं आणि मला म्हणाली, "वस्तीवर वीजच न्हाई रे. तू गिरणीत हाईस, तुझं भागतंय." बोलणं खरं होतं. पण खरं बोलणं गोड लागतंच असं नाही.

वस्तीवर कासाबाईने त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग त्याची पहिली हाक माझ्याकडे आली. "राम राम. मी मेंढवस्तीचा डबा. नवा आहे. इथं कोण कोण आहे?"

मित्रांनो, आता मी काय केलं ते सांगतो.

आमच्याकडे दिवाळी उरकली की वस्त्या रिकाम्या होतात. ऊस तोडायला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या घेऊन घरंच्या घरं जातात, आणि होळी होऊन पंधरा दिवस झाल्याशिवाय माघारी येत नाहीत. जाताना मेन स्विच पाडतात आणि कडीला कुलूप लावतात. त्या वर्षी आमच्या चौदा डब्यांपैकी सहा डबे अशा घरांत बंद पडले होते. मला ते ठाऊक होतं. त्यांचा सकाळचा राम राम येणं थांबलं होतं. सात दिवस ज्याचं उत्तर येत नाही त्याचं नाव यादीत बाजूला काढून ठेवायचं, असा आमचा नियम आहे. मी ती सहा नावं बाजूला काढून ठेवली होती.

नव्याने विचारलं तेव्हा मी त्याच बाजूला काढलेल्या सहांतली पाच उचलली आणि त्याला दिली. पाच कुलूपबंद घरं. आणि नवा आला आहे, ही खबर जागत्या सात डब्यांपैकी एकालाही दिली नाही.

का केलं? माझं पॅनेल त्याच्या अंगावर होतं म्हणून. कुंकू त्याला लागलं म्हणून. आणि त्याला सात शेजारी मिळाले असते तर माझ्या मूठभर वाट्यातलं आणखी थोडं त्याच्याकडे गेलं असतं म्हणून. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तो बिचारा रोज सकाळी पाचही दारांवर हाक मारायचा. "राम राम. मी मेंढवस्तीचा." कुणी उत्तर देत नसे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा त्याने मला विचारलं, ते बोलत का नाहीत. मी म्हणालो, जुनी घरं आहेत, नव्याशी लगेच बोलत नाहीत. त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाचही बंद दारांवर निरोप ठेवला की माझं काही चुकलं असेल तर सांगा. सात दिवस झाल्यावर नियमाप्रमाणे त्याने ती नावं बाजूला काढली आणि पुन्हा माझ्याकडे आला. मी पुन्हा तीच पाच नावं दिली.

आता त्याला जगात मी एकटाच होतो. मेंढवस्तीवरून निघालेला प्रत्येक निरोप माझ्यातून जाऊ लागला. जनावरांचा डॉक्टर कधी येणार, बाजाराला जाणारी जीप कुठे थांबणार, कुणाचं कोकरू चुकून कुणाच्या कळपात गेलं, सगळं माझ्या हातून. माझ्या पडद्यावरचा, गेलेल्या निरोपांचा आकडा वाढू लागला. एका रविवारी विजयमालाने तो पाहिला.

"काकू, म्हातारा लय दणकट हाय बरं," ती पारूबाईला म्हणाली. "समद्यात जास्त निरोप ह्याच्यातूनच जायलेत."

"मंग! पयला हाय तो," पारूबाई म्हणाली.

ते ऐकून मी पुरीसारखा फुगलो. कित्येक महिन्यांनी कुणी मला पहिला म्हटलं होतं. आकडा एकाएकी का वाढला, हे तिने विचारायला हवं होतं. पण चांगलं दिसत असलं की कारण कोण शोधतं? आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, यात फार गोडी आहे, मित्रांनो. ती गोडी मी पौष आणि माघ असे दोन महिने चाखली.

फाल्गुन आला. होळी होऊन चार दिवस झाले होते. दुपारी ऊन चटकत होतं आणि एकदम वारं सुटलं. गिरणीचे पत्रे वाजू लागले. पारूबाई कुणाची तरी ज्वारी दळत होती. पट्टा घरघरत थांबला. वीज गेली.

मी बॅटरीवर आलो. पूर्वी ती दोन तास टिकायची. त्या दिवशी पाहिलं तर वीस मिनिटांपुरता जीव तिच्यात उरला होता.

वीस मिनिटं फार असतात. सात नावं सांगायला मला पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ पुरतो. मी बंद पडणार हे मला कळत होतं. मी बंद पडलो की मेंढवस्तीचा डबा मुका होणार हेही कळत होतं. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. येडबाला कोणता अर्धा घंटा हवा होता, तेही मला आठवत होतं. तरी मी नावं सांगितली नाहीत. मनात म्हटलं, वीज काय, येईलच इतक्यात. आणि त्याहून खालच्या आवाजात म्हटलं, पडू दे जरा अडून. माझ्याशिवाय याचं काय होतं ते कळू दे त्याला.

मग माझा दिवा विझला.

पुढचं मी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वीज आल्यावर गिरणीत जे ऐकलं ते सांगतो. मी बंद पडल्यावर थोड्या वेळाने करंजवाडीवर गारा सुरू झाल्या. गोपीचंदने बटण दाबून ओरडून सांगितलं की गारा आल्या, जनावरं आत घ्या. निरोप एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. मी वाटेत बंद होतो, तर तो मला वळसा घालून गेला. सातही जागत्या डब्यांवर तो पोचला, आणि तिथल्या लोकांनी धावत जाऊन आमच्या गावालाही सांगितलं. माझ्यावाचून जाळ्याचं काहीच अडलं नाही. अडलं ते एकट्या मेंढवस्तीचं, आणि ते मी अडवून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी येडबा गिरणीत आला. त्याने नवा डबा धोतराच्या फडक्यात बांधून आणला होता. त्याच्या पांढऱ्या अंगाला चीर गेली होती. विजयमाला परभणीहून रजा टाकून आली होती. तिने तो डबा माझ्या शेजारी फळीवर ठेवला. मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. माझ्यापेक्षा लहान होता तो.

येडबा बोलू लागला. "आभाळ भरून आल्तं, ताई. कासाबाई मेंढरं घिऊन माळावर व्हती. मी डब्यापशीच बसलो व्हतो. दिवा हिरवा. डबा गप. मी म्हणलं, डबा गप हाय म्हंजी गारा न्हाईत." त्याने डब्याच्या चिरेवर बोट फिरवलं. "डबा नसता, तर मी आभाळ बघूनच तिला माघारी बोलावलं असतं."

एकतीस मेंढरं मेली होती. उघड्या माळावर कासाबाई दोन कोकरांवर पालथी पडून राहिली, म्हणून ती दोन वाचली. तिचा डावा हात कोपरातून मोडला होता. डोक्याला टाके पडले होते. ती अजून परभणीला दवाखान्यात होती.

विजयमालाने नव्या डब्याला तार जोडली आणि पडद्यावर त्याची यादी वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "पाच नावं हायेत, काकू. पाचीच्या पाची घरं उसाला गेलेली. अन् सहावा हा आपला म्हातारा."

पारूबाईने कपाळावर हात मारला. "म्हंजी नवरीला कुलपाची घरं दावली म्हणा की."

विजयमाला पोत्यावर बसली. यादी तिने पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "चूक माझी हाय, मामा. घरं बंद झाली तवाच मी याद्या तपासायला पायजे होत्या. हा म्हातारा बिचारा, त्याला काय कळतंय कोणचं घर चालू अन् कोणचं बंद."

मित्रांनो, मला कळत होतं. मला सगळं कळत होतं. तिने मला उचलून आपटलं असतं तर मी सोसलं असतं. पण मला बिचारा म्हणून तिने माझं पाप स्वतःच्या पदरात घेतलं, आणि माझ्याच डोळ्यांदेखत ती रडू लागली.

येडबाने डोक्याचा पटका सोडला, पुन्हा बांधला. "तुमी कामून रडायलाव, ताई?" तो म्हणाला. "तुमी पाडल्या का गारा?"

तार जोडल्यामुळे नवा डबा पुन्हा जागा झाला होता. जागा झाल्यावर नियमाप्रमाणे त्याने पहिली हाक मलाच मारली. रागाचा एक शब्द नाही. "राम राम. मी मेंढवस्तीचा डबा. इथं कोण कोण आहे?"

मी सातही नावं दिली. मग सातही जणांना हाक मारून सांगितलं की मेंढवस्तीचा डबा आला आहे, दिवाळीपासून आला आहे, सांगायचं माझ्याकडून राहिलं. घटकाभरात सात राम राम आले. सातही त्याला आले, मला एकही नाही.

"काकू, हे बघा," विजयमाला डोळे पुसत उठली. "आपोआप जुळायलंय!"

संध्याकाळपर्यंत वाटणी झाली. सातांनी आपापल्यातलं थोडं त्याला दिलं, मीही दिलं. हिशेबाने माझ्याकडून जे त्याच्या वाट्याला गेलं, त्यात गोपीचंदचे ते तीन शब्दही होते. ते द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. दिले, पण मनात कळ उठलीच. इतकं होऊनही माझं जळणं गेलं नव्हतं. पाप केलं म्हणजे स्वभाव लगेच बदलतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्या दिवसापासून विजयमालाने नवा नियम घातला. कुणाचं नाव पुढे देण्याआधी त्या घराला हाक मारायची, उत्तर आलं तरच नाव द्यायचं. ही अक्कल मला नियमाशिवायही होती. नियम माझ्यासारख्यांसाठीच करावे लागतात.

चैत्रात पुन्हा एकदा गारा आल्या. मला नवी बॅटरी मिळाली होती, मी जागा होतो. करंजवाडीचा निरोप मेंढवस्तीच्या डब्याला एकदम तिघांकडून मिळाला. येडबाने मेंढरं आत घेतली, वाड्याला ताट्या लावल्या, आणि मग पहिली गार पडली. मला ती खबर कुणी दिली माहीत आहे? त्यानेच. मेंढवस्तीच्या डब्याने. आमच्या जाळ्यात आता सर्वांत उशिरा मला कळतं. मी जळलो का? जळलो. पण पुढची खबर ऐकेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता, आणि मग ती आली: मेंढवस्तीवर एकही मेंढरू गेलं नाही.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी कासाबाई दळण घेऊन आली. हात मोडल्यानंतर ती पहिल्यांदाच गिरणीत येत होती. डावा हात तिचा अजून सरळ होत नाही. तिने डोईवरचा डबा एका हाताने उतरवला, पारूबाईशी चार शब्द बोलली, आणि फळीकडे बघून विचारलं, "पयला डबा म्हणतात तो ह्योच का?"

"ह्योच," पारूबाई म्हणाली.

कासाबाईने कमरेच्या पिशवीतून एक लोकरीचं बसकर काढलं. काळं-पांढरं, वीतभर, जाडजूड. "गारांत मेलेल्या मेंढरांची लोकर कातरून ठिवली व्हती," ती म्हणाली. "टाकून द्यावं वाटंना. दवाखान्यातून आल्यावर एका हातानं कसंबसं विणलं. म्हणलं, ह्याच्याच दारातून आमचा डबा जाळ्यात आला. पयल्याचा मान असतोय."

पारूबाईने मला उचललं, माझ्याखालचं पीठ पुसलं. कासाबाईने बसकर नीट पसरलं, आणि मला त्यावर ठेवलं. मग तिने उजव्या हाताने माझ्या झाकणावरचं पीठ झटकलं, आणि गुलाबाचं चित्र बघून हसली.

मी आयुष्यभर ज्यासाठी जळलो, तो मान मला मिळाला. ज्या बाईचा हात माझ्यामुळे मोडला, तिनेच तो दिला, आणि माझ्यामुळे मेलेल्या मेंढरांच्या लोकरीवर मला बसवलं. मला तो नको होता. पण डब्याला उठून उतरता येत नाही.

कासाबाईला मी काहीच सांगू शकलो नाही. माझ्यातून फक्त दुसऱ्यांचे निरोप जातात, माझा स्वतःचा एकही जात नाही. म्हणून हे तुम्हाला सांगितलं. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या खेळात कुणी नवीन येईल. तो तुम्हालाच विचारेल, कारण तुम्ही तिथले जुने. तेव्हा त्याला बोलती माणसं दाखवा, एक नाही, पाच दाखवा. त्याचं तुमच्यावाचून अडायला लागलं, तर ते मोठेपणाचं समजू नका. तुम्हाला हेवा वाटेल. वाटू द्या, तो मलाही वाटतो. पण हेवा वाटत असतानाही नावं सांगता येतात, मित्रांनो. माझ्याकडे वीस मिनिटं होती.